निःशब्द वंदन

ज्याच्याकडून विद्या मिळाली त्याला वंदन करणे हा शिष्याचा धर्म होय. परंतु स्थळकाळ न पाहता पाळलेला धर्म कधीकधी इतरांच्या जिवावर बेततो. लुआंग्वा नदीकाठच्या तिलांदिलेला हे नेमके परीक्षेच्या दिवशी उमगले.

पाहुण्यांना पायी अरण्य दाखवण्याचा परवाना तिला मिळणार की नाही, हे त्या सकाळच्या फेरीवर ठरणार होते. परीक्षक होते वृद्ध वाटाडे न्खोमा. सहा वर्षे त्यांनीच तिला पाऊलखुणा वाचायला शिकवले होते. मोपानीच्या झाडीत ते सामोरे येताच ती तिथल्या रीतीप्रमाणे वंदनासाठी गुडघ्यावर बसली आणि तळवे किंचित पोकळ धरून तिने तीनदा टाळी वाजवली.

पलीकडे शेंगा वेचणारी हत्तीण गर्रकन वळली. पिलू तिच्या पोटाखाली शिरले. सोबतच्या रक्षकाने, म्वालेने, बंदूक उचलली.

"खाली घे, म्वालेदादा," तिलांदिले कुजबुजली. "कान पसरलेत, डोकं वर आहे."

"आणि अंगावर आली म्हणजे? तुझ्या आईला काय सांगू, कान पसरले होते म्हणून?"

"पुढचा पाय बघ, नुसता झुलतोय. तिचं अजून ठरलेलं नाही. कान मागे गेले, सोंड आत वळली, तर उचल."

ती पळाली नाही. दोघांना घेऊन पाऊल-पाऊल मागे सरली आणि तिने नदीची वाट मोकळी केली. हत्तिणीने धूळ उधळली, मस्तक हलवले आणि पिलाला पुढे घालून ती निघून गेली.

"जमलं," न्खोमा म्हणाले. "उगीच बिथरली बाई."

"उगीच नाही, बांबो," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसे म्हणत तिलांदिले उत्तरली. "माझ्या टाळीनं बिथरली. मक्याच्या शेतातून आपण टाळ्या पिटूनच हाकलतो ना त्यांना? चूक माझी. कागदावर तसंच लिहा."

म्हाताऱ्याने परीक्षेचा कागद उलगडला. "चाळीस वर्षं रानात आहे, पोरी. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"रानात तुम्हाला मान देणारं कोणी भेटलंच नसेल," म्वाले पुटपुटला.

न्खोमांनी चूक लिहिली, आणि तिच्याखाली 'परवाना द्यावा' असेही लिहिले. त्या खोऱ्यात वडीलधारे लहानांपुढे गुडघा टेकत नाहीत, त्यांनी टेकला. तळवे जुळवले, पण आवाज होऊ दिला नाही. तिलांदिलेची मान ताठ होती. सहा वर्षांत प्रथमच तिने गुरूंसमोर नजर खाली घातली नाही.

तिच्यामागून चालणारे सारे सुखरूप घरी परतोत. आणि त्या हत्तिणीचे पिलू निर्भयपणे मोठे होवो.