न चावणारे बूट

दुकानातल्या मुलीने मला स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, हे रेट्रो आहेत. दिसायला एक नंबर, पण तळ कडक आहे, टाच घासते. काकांना ते मऊवाले घ्या."

"मऊवाले उशीसारखे दिसतात," मी म्हटलं. "माझे वडील खेळाडू आहेत." दुकानदाराचं ऐकणं मला नाहीतरी कमीपणाचं वाटतं.

बाबा तरुणपणी त्यांच्या खात्याच्या बास्केटबॉल संघात होते. बिबवेवाडीच्या आमच्या हॉलमध्ये त्या संघाचा फोटो आहे. त्यात बाबांच्या पायात घोट्यापर्यंतचे पांढरे बूट आहेत, लाल पट्टीचे. ते कप्तानाचे होते. फोटोपुरते दिलेले आणि फोटो झाल्या झाल्या पायातून काढून घेतलेले. बाबा हे हसत सांगायचे. माझं डोकं मात्र दर वेळी फिरायचं. तसेच बूट कंपनीने पुन्हा काढल्याचं कळलं, तेव्हा मी दुसरं काही बघणारच नव्हते.

बाबांनी लेस बांधल्या आणि हॉलभर फेऱ्या मारल्या.

"अहो, डॉक्टरांनी मऊ बूट सांगितलेत ना?" आई म्हणाली. "शुगर आहे तुम्हाला."

"अगं, जरासुद्धा चावत नाहीत! नवे कोरे, आणि चावत नाहीत."

मी आईकडे ऐटीत पाहिलं. आमच्याकडे नव्या पायताणाची परीक्षा एवढीच. चावलं तर तेल लावायचं, नाही चावलं तर बिनधास्त घालायचं.

चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत बाबा पांढऱ्या शर्ट-पँटवर तेच बूट घालून निघाले आणि थेट स्टेशनजवळच्या पुतळ्यापर्यंत चालले. पोरं थांबवून विचारत होती, "काका, कुठून घेतले?" बाबा म्हणायचे, "माझे आहेत." इतकं ताठ चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला फार अभिमान वाटला.

घरी आल्यावर मी लेस सोडायला खाली बसले. डावा मोजा रक्ताने भिजला होता. करंगळीवरची कातडी सोलून निघाली होती.

"बाबा, दुखलं नाही?"

"काय?" त्यांनी वाकून पाहिलं आणि दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसे बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे पायाची जाणीव केव्हाच गेली आहे. बूट पहिल्या दिवसापासून चावत होते, बाबांना ते कळत नव्हतं. जखम चिघळली आणि जूनमध्ये दोन बोटं काढावी लागली.

दवाखान्यातून आलो त्या दिवशी मी बूट कचऱ्याच्या पिशवीत कोंबले. मला बुटांचा आणि माझा, दोघांचाही संताप आला होता. बाबा खुर्चीवरून बघत होते. एका पायात बँडेज, दुसऱ्यात डॉक्टरांनी दिलेली, उशीसारखी मऊ सपात.

"शर्मिला, ते राहू दे," ते म्हणाले. "एकदा काढून नेलेत माझ्याकडून."

मी बूट पुसले आणि फोटोखाली ठेवले.