पाहुण्यांसाठी बांधलेला हापसा

मी एक जुना हापसा आहे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, एका बोळाच्या तोंडाशी उभा असतो. मित्रांनो, नीट ऐका. मी नक्की कोणाचा, हा घोळ माझ्या डोक्यात वर्षानुवर्षे होता.

मला येथे रोवले तेव्हा लोक म्हणाले, "परदेशी बँकेचा हापसा आला." ती बँक पुष्कळ देशांनी मिळून चालवलेली आणि आपला देशही तिचा सभासद, असे कानी आले. पतपेढीचे सभासद मला ठाऊक होते. अख्खा देश सभासद कसा होतो, हे काही उमजेना. पाणी तर इथल्याच जमिनीतले!

तरी मी इमानाने पाणी दिले. समोरच्या गुरम्माबाई पहाटे पहिली घागर भरत आणि माझ्या दांड्याला हळदीकुंकू लावत.

यंदा उन्हाळ्यात बँकेचे पाहुणे पाहणीस येणार, अशी वार्ता आली. बोळातले पुढारी धुळाप्पा यांनी मला निळा रंग दिला आणि तो खराब होऊ नये म्हणून माझा दांडा दोरीने आवळला. पाहुण्यांची तारीख लांबत गेली. दोरी तशीच राहिली.

त्यातच गुरम्माबाईंची सून बाळंत झाली.

"धुळाप्पा, सोड की रं दोरी. बाळाची दुपटी धुवायला पानी न्हाय."

"थांबा की, अक्का. बँकेची वस्तू हाय. मोडली तर जबाब कोन देनार?"

"मग तुझी बँक येऊन दुपटी धुनार व्हय?"

बोळ हसला. गुरम्माबाई मात्र दुखरा गुडघा धरून दूरच्या टँकरकडे निघाल्या. खाली पाणी असून मी कोरडा! माझे काय चुकले, मला कळेना.

अखेर पाहुणे आले. त्यांच्यासोबतच्या अधिकारी चैतालीताईंनी विचारले, "हा बांधून का ठेवलाय?"

"तुमचा माल जपलाय, मॅडम," धुळाप्पा ऐटीत म्हणाले.

"आमचा? अहो, बँकेनं देशाला कर्ज दिलं. सरकार ते आपल्याच करातून फेडतं. हापसा तुमचाच आहे."

गुरम्माबाई गर्दीतून पुढे आल्या.

"आमचाच हाय, आनि आमालाच बंदी?" गुरम्माबाईंनी दातांनी गाठ सोडली. "आता तूच हापस, धुळाप्पा!"

वंगणाविना माझी साखळी कुरकुरली. आधी तांबडे, मग स्वच्छ पाणी आले. पाहुणे पेला धरून उभे होते; पहिली घागर गुरम्माबाईंची भरली.

मित्रांनो, देशोदेशीचा तो व्यवहार मला अजूनही पुरता समजलेला नाही. तुम्ही मात्र मला वेळेवर वंगण द्या आणि रोज हापसत जा. दांड्यावरचा निळा रंग आता हापसून हापसून उडू लागला आहे. तो खुशाल उडू द्या.