भाऊबिजेची साठ कलमं

तपासणीचा अहवाल दोन पानांचा होता. आक्काला मी एकच पान वाचून दाखवलं.

लंकाबाई, माझी थोरली बहीण. तिला वाचता येत नाही, आणि तिच्या धाकट्या भावाला येतं याचा तिला जन्मभर अभिमान. मेहुणे गेल्यापासून राहाता गावाजवळचं दीड एकर रान ती एकटीच कसते. मी छगन, तिच्या गावापासून दोन कोसांवर माझी रोपवाटिका आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेला लोक ताटात नोटा टाकत होते, तेव्हा मी टेम्पो भरून पेरूची साठ कलमं नेली. हीच ओवाळणी म्हणालो. आक्कानं निरांजन हातात धरूनच डोळ्यांना पदर लावला. पुढे महिनाभर मी ते भेटेल त्याला सांगत होतो. हातभर द्यायचं आणि कोसभर मिरवायचं, ही माझी जुनी खोड.

यंदा झाडांनी पहिला बहार धरला आणि श्रावणात पानं पिवळी पडू लागली. पंधरा दिवसांत एकेचाळीस झाडं फळांसकट उभी वाळली. मुळ्या खणून, रानाची आणि पाण्याची माहिती लिहून मीच तपासणीला पाठवल्या. खणतानाच मला त्यांच्यावरच्या गाठी दिसल्या. ओळखीच्या होत्या. माझ्या वांग्याच्या रानात अशाच गाठी असायच्या, आणि कलमांच्या पिशव्या मी त्याच रानातल्या मातीनं भरल्या होत्या. चांगली माती आणायला उशीर होत होता. मातीला काय होतंय, असं मी गड्याला म्हणालो होतो. ते वाक्य आता भाकरीच्या घासाबरोबरसुद्धा आठवतं.

अहवाल घेऊन गेलो तेव्हा आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"वाच," ती म्हणाली.

पहिल्या पानावर लिहिलं होतं की मुळांत मर रोगाची बुरशी सापडली, आणि ती वरच्या बागेतून वाहत येणाऱ्या पाण्याबरोबर आली असावी. मी ते खणखणीत आवाजात वाचलं. वरची बाग गिदोनभाऊंची. त्यांच्या वडिलांनी लावलेली पेरूची चौदा झाडं आणि त्यांच्या आळ्यांतून खाली आक्काच्या रानात उतरणारा पाट. आपलं भिजलं की उरलेलं पाणी ते आक्काकडे सोडायचे. वीस वर्षं, न मागता.

"गिदोनभाऊच्या पान्यानं?" आक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कागदावर तसं हाय," मी म्हणालो.

दुसरं पान घडी घालून खिशात ठेवलं. त्यात लिहिलं होतं की मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आहेत, डोळ्यांना न दिसणारे किडे. ते लागवडीच्या पिशवीतल्या मातीतून आले. त्यांनी मुळं पोखरली आणि त्या जखमांतून बुरशी आत शिरली. दोघांपैकी एकट्यानं झाडं अशी झपाट्यानं मेली नसती. मी एक अक्षरही खोटं वाचलं नाही, असं घरी जाईपर्यंत स्वतःला बजावत राहिलो. पण लाज वाटत होती, आणि ती गेली नाही.

आक्का भांडली नाही. तिनं फक्त आपल्या बाजूनं पाट बुजवला. गिदोनभाऊंनी विचारलं तेव्हा कागदावर काय आहे ते सांगितलं.

आठव्या दिवशी तिचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता ये. गिदोनभाऊ झाडं तोडाय लागलेत."

मी पोचलो तेव्हा अकरा झाडं आडवी झाली होती. हिरव्या पेरूंचा खच पडला होता. गिदोनभाऊ मशिनची करवत घेऊन बाराव्याजवळ उभे होते. आक्का त्यांच्यासमोर बुंध्याला पाठ लावून उभी होती.

"सरा, लंकाबाई," ते म्हणाले. "आमच्या झाडांचं दुखनं तुमच्या रानात गेलं. तुमचं उरलेलं तरी वाचू द्या."

"तोडू नका, मी म्हनलं का तोडा?" मग ती माझ्याकडे वळली. "छगन, तू शिकलेला हायेस. मला एक सांग. बुरशी ह्यांच्या झाडांची, तर ह्यांची झाडं इतकी वर्सं जगली कशी? माझीच का मेली?"

शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं नेमका तोच प्रश्न विचारला. काहीतरी थाप मारता आली असती. जीभ उचललीही होती. पण आक्का माझ्याकडे बघत होती ती खऱ्या उत्तरासाठी, आणि मी जे सांगेन ते तिला खरं वाटणार होतं. ते मला सहन झालं नाही.

मी खिशातून दुसरं पान काढलं. घडीवर फाटायला आलं होतं. उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग न लिहिलेलंही सांगितलं: वांग्याचं रान, गाठी, आणि मला खणतानाच कळलं होतं ते.

गिदोनभाऊंनी मशिन जमिनीवर ठेवलं. मग त्यांनी आडव्या झाडांकडे बघितलं.

"आठ दिस हुते तुमच्याकडं, छगनराव," ते म्हणाले. आवाज चढलासुद्धा नाही.

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर ते बाजूला झाले आणि पडलेले पेरू पाटीत भरू लागले. आक्का खाली बसून त्यांच्याबरोबर पेरू वेचू लागली. मीही बसलो. तिनं पाटी माझ्यापासून दूर ओढली.

निघताना बांधावर तिनं मला हाक मारली. मला वाटलं, दिवाळीला येऊ नको म्हणणार.

"भाऊबिजंला ये," ती म्हणाली. "ववाळीन मी. पर ह्या खेपंला काय बी आनू नको."