नुसत्या ‘हो’वर

भैरवीने माइकचं बटण पुन्हा दाबलं. उतरायच्या सूचनेवर विमानातून ‘रॉजर’, म्हणजे ‘समजलं’, एवढंच आलं होतं.

“नुसतं रॉजर नको, कॅप्टन. विमानाचा नंबर आणि उंची, दोन्ही परत सांगा.”

पलीकडून नुसती खरखर. मागे उभे असलेले ताराचंद सर तिच्या खांद्याशी वाकले. नागपूरच्या रडारसमोर भैरवी आज पहिल्यांदाच एकटीने विमानं सांभाळत होती आणि तिला पास करायचं की नाही, हे सरांच्या हातात होतं.

“सोड न वं. रॉजर म्हणाले न ते? मोठे कॅप्टन आहेत, तक्रार करतील. मग बसशील सहा महिने घरी.”

चार वर्षं जीव काढून मिळवलेली खुर्ची होती ती! पण भैरवीच्या डोळ्यांसमोर बाबांचा उजवा हात आला. चंपतराव नरखेडला लाइनमन होते. एकदा ‘लाइन बंद केली का?’ विचारल्यावर सबस्टेशनवरून फोनवर नुसतं ‘हो’ आलं, तेवढ्यावर ते खांबावर चढले. बंद झाली होती दुसरीच लाइन. त्या हाताला आता तीनच बोटं आहेत. त्यानंतर रिटायर होईपर्यंत त्यांनी कुणाचं नुसतं ‘हो’ चालवून घेतलं नाही. कोणती लाइन बंद केली, नाव घेऊन सांग, म्हणायचे. ऑपरेटर मनातल्या मनात शिव्या घालायचे, पण सांगायचे.

“परत सांगा, कॅप्टन.”

कॅप्टनसाहेब भडकलेच. “दोनशे सत्तेचाळीस, उतरतोय नऊ हजारांवर. झालं समाधान?”

उतरायला तिने दोनशे चौऱ्याहत्तरला सांगितलं होतं. उत्तर भलत्यानेच दिलं होतं, आणि त्याच्या बरोबर खाली, दहा हजार फुटांवर, तिसरं विमान होतं.

“दोनशे सत्तेचाळीस, उतरू नका! अकरा हजारांवरच राहा.”

“दोनशे सत्तेचाळीस, अकरा हजारांवरच.” या वेळी न मागता आलं. मग जरा वेळाने, हळूच, “थँक्यू, मॅडम.”

ताराचंद सरांनी रुमालाने मान पुसली आणि तिच्या पासच्या कागदावर सही केली.

दुपारी गेटबाहेर चंपतराव डबा घेऊन उभे होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी डबा तिच्या हातात दिला, खिशातून फोन काढला आणि भैयाजीला लावला. बोटं गेली त्या दिवशी ‘हो’ म्हणणारा ऑपरेटर तो हाच. पुढे दोघांनी सोबत नोकरी केली, एकमेकांच्या घरी जेवले, पण तो विषय कधी काढला नाही.

“भैयाजी, ऐक गा. माह्या पोरीनं आज नुसत्या ‘हो’वर विमान हलू देलं नाही!”

“हो गा, हो,” तिकडून आलं.

“हो नको म्हणू. काय सांगतलं मी? परत सांग.” चंपतरावांनी स्पीकर चालू करून फोन भैरवीपुढे धरला. अभिमानाने त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

तिकडून भैयाजीचा आवाज आला, एकेक शब्द सुटा.

“चंपतरावच्या पोरीनं... नुसत्या ‘हो’वर... विमान हलू देलं नाही.”