दोन तपकिरी बाटल्या

मनस्वी पहिलीत असताना वाडीतली शाळा पटाअभावी बंद झाली. त्याच शाळेत मी पंचवीस वर्षं शिकवलं होतं. दुसरी शाळा घाटी चढून पलीकडे, म्हणून शेजारच्या कमलाने लेकीला घरीच ठेवलं. मुंबईहून नवऱ्याने अभ्यासाचा कॉम्प्युटर पाठवला. आता तिसरीतली ही पोर त्यावर भराभर उत्तरं द्यायची.

"गुरुजी, तुमच्या शाळेत कधी कोणाला शंभर पडले होते काय ओ?" कमला मला चिडवायची. मीही हसायचो. पाढे तर खरोखरच पक्के झाले होते.

त्या दुपारी कमला आंब्याच्या कलमांच्या बागेत फवारणीवाल्यांचं जेवण घेऊन गेली होती. मी सहज डोकावलो. तीन वर्षांचा लवू पडवीत झोपला होता. मनस्वी फडक्याने चमचा पुसत होती.

"आईचा फोन आलेला. लवूला खोकल्याचं औषध दे म्हणाली. दिलं मी."

फळीवर दोन सारख्याच तपकिरी बाटल्या. एकीत अडुळशाचं औषध. दुसरीत फवारणीतून उरलेलं कीटकनाशक. रिकामी बाटली आमच्याकडे कुणाला टाकवत नाही. गेल्याच आठवड्यात मी कमलावर ओरडलो होतो आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत 'खोकला' आणि 'विष' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पोरगी वाचते, आता काळजी नाही, असं म्हणून घरी गेलो होतो.

"कुठली दिलीस, बाय?"

तिने डावीकडची दाखवली. माझा चेहरा बदलला असावा. बोट लगेच उजवीकडे गेलं.

"ही, ही!"

"चिठ्ठी वाच."

ती चिठ्ठीकडे बघेचना. माझ्याकडेच बघत राहिली. "कॉम्प्युटर वाचून दाखवतो ना, गुरुजी. चुकलं की लाल होतं. मग मी दुसरं दाबते."

चमचा हुंगला. तो स्वच्छ धुतलेला. लवूला हलवलं. उठेना. "लवू, ए लवू!" मान सैल पडली. मी त्याला उचलून गदागदा हलवलं.

त्याने भोकाड पसरलं आणि उघड्या तोंडातून अडुळशाचा वास आला. मी त्याला पोटाशी धरून खाली बसलो.

"बरोबर आलं?" मनस्वीने विचारलं.

कीटकनाशकाची बाटली मी पेटीत घालून कुलूप लावलं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी सोडवून तिच्यापुढे ठेवली. ती पुन्हा माझ्या तोंडाकडे बघू लागली, तसा मी पाठ फिरवून बसलो.

मांडीवरच्या लवूचा श्वास मी मोजत होतो. मग मागून हळूच आवाज आला, "खा...?"

"पुन्हा बघ," मी भिंतीकडे पाहत म्हणालो.