केबिनचा काढून ठेवलेला दरवाजा

बंद दरवाज्याचा तुम्हाला कधी आधार वाटला आहे का? मला वाटतं, वाटला असेल. पण तसं कोणी बोलून दाखवत नाही.

मी एक दरवाजा बोलतोय. सागाचा, एका फळीचा, वर काचेची चौकट असलेला. वह्या बांधण्याच्या या कारखान्यात मालकांच्या केबिनला मला बसवलं, तेव्हा सुताराने मला तीनदा उघडून-मिटून पाहिलं आणि म्हणाला, "आवाज नाही हो याचा. शहाणा आहे."

मोठ्या मालकांच्या काळात मात्र माझी फार दहशत होती. कोणाला आत बोलावून मला लावून घेतलं, की बाहेर सगळ्यांचे हात थांबत. आज कोणाची गच्छंती, असे चेहरे होत. मला ते आवडायचं नाही, पण माझ्या हातात काय होतं?

मग कारभार त्यांच्या मुलीकडे आला. सगळे तिला ताई म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने माझे स्क्रू काढायला लावले. "आपल्यात आता आडपडदा नको. कधीही या, काहीही बोला," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. लोक हळूहळू भीड चेपून आत जाऊ लागले. पंखा दुरुस्त झाला, बायकांना वेगळी खोली मिळाली. मला आनंदच झाला. मला कटाईच्या मशीनमागे भिंतीला टेकवून ठेवलं होतं, एवढंच.

त्या मशीनवर काका काम करतात. शिवलेल्या वह्यांच्या कडा पात्याखाली सरळ कापायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यांची बायको, म्हणजे काकू, केबिनसमोरच्या टेबलावर पुठ्ठ्यांना डिंक लावतात.

गेल्या काही महिन्यांत काका जेवणाच्या सुट्टीत मागे थांबायला लागले. माझ्याकडे तोंड करून हळूच म्हणायचे, "ताई, उजव्या डोळ्याला रेष दोन-दोन दिसते. पात्याजवळ हात न्यायची भीती वाटते. दुसरं काही काम द्या. पण आमच्या हिला एवढ्यात कळू देऊ नका, ती हाय खाईल." पाठांतर चालायचं बिचाऱ्यांचं. ऐकायला मी एकटा.

एकदा धीर करून ते गेले. केबिनच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"या काका, बसा की."

"जरा बोलायचं होतं."

"बोला ना. इथे सगळी आपलीच माणसं आहेत."

डिंकाच्या टेबलावरून काकू म्हणाल्या, "घरी तोंडातून शब्द निघत नाही, इथे कसलं भाषण करताय?" बायका हसल्या. ताईही हसली.

"मशीनला तेल संपलंय," काका म्हणाले आणि परत आले.

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा तेलच आलं. मशीनखाली तेलाचे डबे साठले, एवढी ताईची तत्परता. तिच्या मनात काही खोट नव्हती. मला लावून घेतलं की माणसं घाबरतात, एवढंच तिने लहानपणापासून पाहिलं होतं. मला लावून घेतल्याशिवाय काही गोष्टी तोंडातून निघतच नाहीत, हे तिला कोण सांगणार? मी तर बिजागऱ्यांशिवायचं लाकूड.

म्हणून तुम्हालाच विनवतो. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर त्यांच्यासाठी सगळं उघडं जरूर ठेवा. पण एखादी जागा अशीही ठेवा, जिथे तुमच्याशिवाय कोणाला ऐकू जाणार नाही.

परवा संध्याकाळी काकांनी चारशे वह्या तिरक्या कापल्या. पातं आखलेल्या ओळींमध्ये घुसलं होतं. त्यांचं बोट वाचलं ते केसभर अंतराने. मी अगदी मागूनच पाहत होतो. ताई धावत आली. रागावली नाही. सगळ्यांसमोर, मायेनेच म्हणाली, "काका, काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांगा."

सगळा कारखाना बघत होता. काकू डिंकाची कुंचली हातात धरून उभ्या होत्या.

"लक्ष नव्हतं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू एकट्याच आल्या. काकांच्या कपाटाची किल्ली त्यांनी ताईच्या टेबलावर ठेवली, "ते आता यायचे नाहीत. का, ते मलाही सांगत नाहीत," एवढं बोलल्या आणि आपल्या टेबलावर जाऊन पुठ्ठ्यांना डिंक लावायला लागल्या.