ढगातला फोटो

वडिलांच्या मोबाइलमध्ये जागा उरली नाही, एवढ्या साध्या कारणावरून संचिताच्या जिवाला घोर लागला.

दौलत राणे मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून डोंबिवलीच्या घरात एकटेच. रोज सकाळी सुप्रभातचे गुलाब, सूर्य आणि देव येऊन येऊन त्यांचा फोन इतका फुगला होता, की शुगरचा रिपोर्ट म्हणून डॉक्टरांना त्यांनी एकदा लाफिंग बुद्धा दाखवला. तेव्हा एका रविवारी संचिता बाळकुमच्या आपल्या घरून आली आणि तिने त्यांच्या फोनवर क्लाऊडचं ॲप टाकलं.

"बाबा, आता काढलेला प्रत्येक फोटो आपोआप क्लाऊडवर जाणार. तिकडे गेला की फोनमधून पुसला जाणार. फोन एकदम हलका."

"क्लाऊड म्हणजे ढग ना गं? मग पाऊस पडला की खाली?"

"बाबा!"

"बरं बरं. तिकडे कोण बघतं?"

"कोणी नाही. आपल्या घरातलंच फोल्डर आहे."

घरातलं म्हणजे संचिता, बंगलोरला असलेला तिचा भाऊ केतन आणि कणकवलीची रमाआत्या. आत्याचं नाव तिने मानापुरतं घातलं होतं. आत्याला फोन उचलता आला तरी खूप, असा तिचा समज. खरं तर हे सगळं वडिलांची औषधं आणि रिपोर्ट यांच्यावर नजर ठेवायला होतं. पण 'नजर' हा शब्द तिने वापरला नाही. 'सोय' म्हणाली.

पहिले काही आठवडे सोय छान चालली. लाइट बिल, गोळ्यांची पाकिटं, गॅलरीतली अबोली. मग एका दुपारी ऑफिसात डबा खाताना तिने फोल्डर उघडलं आणि घास हातातच राहिला.

खडवलीच्या नदीचं पात्र. खडकावर एक बाई बसलेली, साडी घोट्याच्या वर धरून पाय पाण्यात सोडलेले. केसात पांढरं, कपाळाला टिकली, आणि हसतेय अशी की फोटो काढणाऱ्याने नुकतंच काहीतरी वात्रट बोललेलं असावं. पुढच्या फोटोत फक्त तिचे हात, काकडी सोलणारे. त्याच्या पुढच्यात बाबांचे पाय, त्याच पाण्यात.

तिने केतनला फोन लावला.

"ताई, मी पण बघितलं," तो म्हणाला. "कोण आहे ती?"

"मला काय माहीत! तू विचार ना."

"मी कसा विचारू? म्हणजे आपण त्यांचे फोटो चेक करतो असं होईल ना."

"आपण चेक करतोच."

"हो, पण त्यांना कशाला सांगायचं? आणि आत्या आहे ना त्या फोल्डरमध्ये? तिने बघितलं तर सगळ्या गावात बोभाटा होईल!"

संचिताने फोन ठेवला. तिने पुन्हा ॲप उघडलं आणि खडकावरचा तो हसरा फोटो पुसून टाकला. बाकीच्यांत तरी काय, काकडी आणि पाय. त्यावरून कोणी काही म्हणणार नाही.

तीन-चार दिवसांनी संचिताच्या दारावरची बेल वाजली. दौलतराव डोंबिवलीहून न कळवता आलेले, हातात फोन.

"अगं, तुझ्या ढगाला भोक पडलंय. माझा एक फोटो गळला."

"कुठला फोटो?" तिने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच खोटा वाटला.

"नदीवरचा. जयाचा. फोनमधून तर तूच पुसायला लावलेलं, तिकडे आहे म्हणून. आता इथेही नाही, तिथेही नाही. रमाने सकाळी फोन करून विचारलं, 'दादा, फोटो काढून टाकलास का रे? मी जावेला दाखवणार होते.'"

"आत्याने बघितलेला?"

"रोज बघते ती. जयाशी बोलतेसुद्धा, व्हिडिओवर. शोध ना जरा."

आता शोधणं भाग होतं. पुसलेल्या फायली कुठे जातात ते संचिताला पाठ होतं. ते पान उघडलं, तर तिथे फोटो होता, जया पाण्यात पाय सोडून तशीच हसत होती, आणि खाली ॲपने निर्विकारपणे लिहिलं होतं : 'संचिता यांनी हटवले.'

तिने अंगठ्याने ती ओळ झाकायचा प्रयत्न केला. दौलतरावांनी चष्मा सारखा केला आणि तिचा अंगठा हळूच बाजूला सरकवला.



"चुकून झालं असेल," दौलतराव म्हणाले.

"नाही बाबा. चुकून नाही."

"हं." ते खुर्चीत मागे टेकले. "आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये होती ती. जया वैती. नवरा वारला तिचा. आता कल्याणला असते. तुम्हा दोघांना सांगायचं कसं, या विचाराने मला झोप नव्हती गं. आणि तुम्ही आधीच बघून बसलेले!"

"सॉरी बाबा."

"आण तो आधी परत."

तिने बटण दाबलं. फोटो फोल्डरमध्ये परत आला. दौलतराव तो डोळे भरून बघत राहिले.

मग म्हणाले, "मला एक शिकव. फक्त दोघांनाच दिसेल असं वेगळं फोल्डर करता येतं?"

तिला खोटं सांगता आलं असतं. पण तिने शिकवलं. बँकेच्या मशीनसमोर घाम फुटणाऱ्या त्या माणसाने हे मात्र एका दमात उचललं, आणि जाताना तिच्याच समोर सगळे नदीचे फोटो तिकडे हलवले.

त्यानंतर घरच्या फोल्डरमध्ये फक्त लाइट बिलं आणि शुगरचे आकडे येऊ लागले. केतनचा जीव कासावीस झाला.

"ताई, काहीच कळत नाहीये! नक्की काय चाललंय तिकडे?"

"फोन करून विचार."

"मी? तू लाव ना, प्लीज. तू जवळ राहतेस."

तिने लावला. बऱ्याच रिंग झाल्यावर फोन उचलला गेला. आवाज बाईचा होता.

"ते मच्छी आणायला गेलेत. फोन इथंच इसरून गेले. कोण, संचिता काय गं?"

"हो... मी..." या बाईचं हसू तिने कितीदा मोठं करून बघितलं होतं, पण आवाज पहिल्यांदाच ऐकत होती.

"आता फोन केलाच हायेस तर जेवायलाच ये. सुकटीची चटणी केलीय. तुला आवडते ना?"

संचिताला खूप आवडायची. पण ते कुठल्याच फोल्डरमध्ये नव्हतं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"तुझ्या बाबांनी. दुसरं कोण सांगणार? ये मग, वाट बघते."